किरमिजी म्हणजे नेमका कोणता रंग?

प्रश्न थोडक्यात असा. पणजीच्या लग्नाची, वैशाख शके १८५०ची, मोडीतली याद घरात सापडली. ती उतरवून घेतली तेव्हा तीत एक ओळ निघाली: 'शालू किरमिजी नग १'. शालू केव्हाच विरून गेला. आता घरातल्या मुलीला लग्नात त्याच रंगाचं काहीतरी नेसायचं आहे. दुकानात एकाने मरून काढून दाखवला, दुसऱ्याने विटकरीवर जाणारा तपकिरी, तिसऱ्याने चक्क राणी. त्यातच कोणीतरी म्हणालं की किरमिजी म्हणजे किड्यांपासून केलेला रंग, आणि मुलीचा उत्साह मावळला. तर रंग कोणता, आणि किड्याची गोष्ट खरी का?

किड्याची गोष्ट खरी आहे. आणि रंग त्या तिघांनी दाखवला त्यातला एकही नाही.

मी अठ्ठावीस वर्षं रेशीम आणि लोकर जुन्या पद्धतीने रंगवतो. मंजिष्ठा, हिरडा, नीळ, लाख आणि हा किरमिजही माझ्या तपेल्यातून गेला आहे. म्हणून आधी डोळ्यांना पटेल असं सांगतो, नावाकडे मागाहून वळू.

लाल रंगांची एक ओळ मनात मांडा. एका टोकाला शेंदरी, त्यात पिवळा भरपूर. मग हिंगुळाचा, कुंकवाचा लाल. त्यानंतर असा एक टप्पा येतो जिथे पिवळेपणा पूर्ण संपलेला असतो आणि निळा नुकताच आत शिरलेला असतो. गडद, भरीव, पण काळवंडलेला नाही. तो किरमिजी. त्याच्या पुढे निळा वाढला आणि रंग उजळला की राणी, गुलबक्षी, आणि शेवटी जांभळा. घरातली खूण हवी असेल तर कोकमाचं आगळ काचेच्या पेल्यात थोडं जाडसर ओतून उजेडासमोर धरा. पाणी घातलेलं सरबत नव्हे, ते गुलाबी दिसतं. आमसूलही नव्हे, ते वाळून काळं पडलेलं असतं. आगळाचा तो दाट, आतून उजळणारा लाल किरमिजीच्या फार जवळ जातो. डाळिंबी त्याहून हलका आणि ओलसर. मरून त्याहून तपकिरी. मरूनमध्ये काळा-पिवळा मिसळलेला असतो, किरमिजीत तो औषधालाही नसतो.

आता नाव. आपल्या भाषेत रंगांना स्वतःची नावं थोडी. बाकी सगळी कुठल्या तरी वस्तूवरून उचललेली. अबोली फुलावरून, पारवा पक्ष्यावरून, मोतिया मोत्यावरून, तपकिरी नाकात ओढायच्या तपकिरीवरून. किरमिजी याच रांगेतला आहे. किरमीज नावाचा माल बाजारात मिळायचा, त्याने रंगवलेलं ते किरमिजी. हा माल म्हणजे वाळवलेले बारीक किडे. हिंदीत त्याला किरमदाना म्हणतात, आणि त्यातला 'दाना' ऐकून गंमत वाटते, कारण हातात घेतल्यावर तो खरंच करड्या रंगाचा, सुरकुतलेला, मिरीहून लहान दाणा दिसतो. आपल्याकडचेच लोक फसले असं नाही. ग्रीक लोक त्याला 'कोक्कोस' म्हणजे दाणा म्हणत, स्पॅनिश लोक 'ग्राना'. हे बी आहे की जीव, यावर युरोपात शेदीडशे वर्षं वाद चालला, आणि सूक्ष्म जीव पाहणाऱ्या डच लेव्हेनहूकसारख्यांनी भिंगाखाली धरून पाय मोजले तेव्हा कुठे तो मिटला.

किरमीज शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत 'किर्म' म्हणजे किडा. अरबीत 'किर्मिझ', तुर्कीत 'किर्मिझी', आणि आज इस्तंबूलमध्ये साध्या लाल टोमॅटोलाही किर्मिझीच म्हणतात. इराणातही रोजच्या बोलण्यातला लाल म्हणजे 'गेरमेज', तोच शब्द. अरबांकडून तो स्पेनमध्ये शिरला, तिथून युरोपभर गेला आणि इंग्रजीत त्याचे 'क्रिमझन' आणि 'कार्माइन' झाले.

इथे बरेच जण टाळी वाजवून म्हणतात, बघा, क्रिमझन हा मुळात संस्कृत शब्द! कृमिज, कृमीपासून जन्मलेला. मी इतक्या झटकन टाळी वाजवत नाही. संस्कृतातला कृमि आणि फारसीतला किर्म ही भावंडं आहेत हे निर्विवाद. संस्कृतात 'कृमिजा' शब्दही आहे, आणि त्याचा अर्थ लाख, म्हणजे लाल रंग देणाराच दुसरा एक किडा. पण आपल्या मराठीतला किरमिजी थेट संस्कृतातून उतरला असता तर त्याचं रूप वेगळं झालं असतं. प्राकृतात कृमिचं 'किमि' झालं, त्यातला र गळाला. आपल्या शब्दात तो र ठणठणीत उभा आहे, आणि मागे फारसी वळणाचा 'ई' लावलेला आहे. म्हणजे शब्द आपल्याकडे आला तो घोड्यांच्या, शालींच्या, सुक्या मेव्याच्या व्यापाऱ्यांबरोबर, पंडितांबरोबर नव्हे. मला तरी ही गोष्ट 'आमचाच शब्द' म्हणण्यापेक्षा जास्त आवडते.

आणि किड्यावरून लाल रंगाला नाव देणं ही एकट्या आशियाची खोड नाही. लॅटिनमध्ये 'व्हर्मिक्युलस' म्हणजे छोटा किडा, त्यावरून व्हर्मिलियन. पुढे हे नाव घसरत घसरत हिंगुळाला, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाला चिकटलं, ज्यात किड्याचा पायही नाही. आर्मेनियात याच जातीच्या रंगाला 'वोर्दान कार्मिर' म्हणजे किड्याचा लाल म्हणतात. अरारात पर्वताच्या पायथ्याशी, खारवट जमिनीतल्या गवताच्या मुळांवर तो किडा मिळतो. पोलिश भाषेत लाल म्हणजे 'चेर्वोनी' आणि जून महिना म्हणजे 'चेर्व्येत्स', दोन्ही किड्याच्या शब्दावरून, कारण तिकडे असाच एक किडा जूनच्या शेवटी मुळं उकरून गोळा करत. किड्यावरून महिन्याचं नाव पडावं इतकी त्याची किंमत होती.

आता किडा म्हणजे नेमका कोणता, इथे बहुतेक लेख गोंधळ घालतात. लाल देणारे किडे निदान तीन ध्यानात ठेवा.

पहिला मूळचा किरमीज: भूमध्य समुद्राभोवती एका ठेंगण्या, काटेरी ओक झुडपावर वाढणारा. रोमन काळापासून त्याने कापड रंगवत. नाव याचंच.

दुसरा अमेरिकेतला कोचिनियल. मेक्सिकोत, मुख्यतः वाहाका भागात, तिथले लोक निवडुंगाच्या पानांवर तो गुराढोरांसारखा पाळत. स्पेनने १५२१ मध्ये अझ्टेकांची राजधानी घेतली आणि थोड्याच वर्षांत या वाळक्या किड्यांची पोती युरोपात उतरू लागली. रंग तोच, पण जोर कितीतरी जास्त. त्याने जुन्या किरमिजाला बाजारातून उठवलं आणि त्याचं नावही घेतलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आपल्या बाजारात किरमीज म्हणून जो माल येई तो बहुधा हाच. विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज प्रवासी १८२०च्या दशकात काश्मीरला गेला होता. शालींचे रंगारी चौसष्ट छटा करतात आणि त्यांच्या उत्तम लालासाठी हा किडा हिंदुस्थानातून वर येतो, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मेक्सिकोतला किडा समुद्रमार्गे युरोपात, मग हिंदुस्थानात, मग डोंगर चढून श्रीनगरात. आणि नाव मात्र फारसी. ब्रिटिश पलटणींचे लाल कोट सगळ्यांना माहीत असतात, पण त्यातही भेद होता: साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या भावकीतल्या मुळाने रंगवलेला, अधिकाऱ्याचा या किड्याने.

तिसरी आपली लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर. झारखंडात सर्वांत जास्त, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला. पायांना लावायचा अळता मुळात लाखेचा, संस्कृत अलक्तकावरून. अमरकोशात लाखेच्या नावांमध्ये एक आहे 'द्रुमामय', झाडाचा रोग. वैद्याच्या नजरेने ठेवलेलं नाव, पण झाडाच्या बाजूने अचूक. लाखेचा लालही किरमिजीच्या घरातलाच, फक्त किंचित जास्त तपकिरी आणि थोडा बुजरा. आपल्याकडे त्याला वेगळं नाव होतं, लाखी.

कोचिनियल आणि लाख यांतला फरक मला पुस्तकापेक्षा तपेल्याने शिकवला. वाळलेल्या कोचिनियलच्या वजनात रंगाचं आम्लच जवळजवळ पाचवा हिस्सा असतं. लाखेच्या शंभर ग्रॅम काड्यांतून एक ग्रॅमसुद्धा धड रंग निघत नाही, बाकी सगळी राळ. शिवाय लाख नुसती उकळायला टाकली की राळ वितळून लडीला चिकटते आणि मग ते रेशीम बांगड्यांच्या दुकानातच शोभतं. कोमट पाण्यात धीराने रंग सोडवून घ्यावा लागतो आणि चिंचेचं पाणी घालावं लागतं, तेव्हा तो धाग्यावर बसतो.

किरमिजाला चिंच लागत नाही, पण त्याचे नखरे वेगळे. आधी तुरटीच्या पाण्यात रेशमाच्या लडी रात्रभर. दाणे खलात मैद्यासारखे कुटून, फडक्यात पुरचुंडी बांधून पाण्यात सोडायचे. पाणी हळूहळू तापवायचं, रेशमाला खदखदा उकळी दाखवायची नाही, तेज जातं. पहिल्या दहा मिनिटांत धागा गुलाबी होतो आणि शिकाऊ मुलं निराश होतात. तासाभराने तो गुलाबी आत ओढला जातो आणि रंग फुटतो. पण पाणी जड असलं, बोअरवेलचं असलं, तर तोच रंग जांभळ्याकडे पळतो. थोडं लिंबू पडलं तर नारिंगीकडे. आणि लोखंडाचा स्पर्श झाला तर विचारूच नका. सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा स्टीलचं समजून कलई गेलेलं, आतून गंजलेलं लोखंडी पातेलं घेतलं होतं. दोन किलो रेशीम संध्याकाळी बाहेर काढलं ते पावसाळी ढगांच्या रंगाचं. गिऱ्हाइकाला तो रंग आवडला, ही गोष्ट वेगळी; मी त्याला 'मेघवर्ण' असं नाव देऊन टाकलं आणि आजतागायत तो मुद्दाम करतो. सुती कापडावर तर हिरड्याच्या काढ्यात आधी भिजवल्याशिवाय हा रंग धरतच नाही; म्हणून किरमिजी हा मुळात रेशमाचा आणि लोकरीचा, म्हणजे ऐपतवाल्यांचा लाल. साध्या घरातला लाल म्हणजे आल नावाच्या झाडाच्या मुळीने रंगवलेला जाडाभरडा खारवा.

हिशेबच मांडायचा तर, एक किलो वाळलेल्या कोचिनियलमध्ये दीड लाखाच्या आसपास किडे असतात. गडद किरमिजीसाठी कापडाच्या वजनाच्या दहावा हिस्सा किडे लागतात. सातशे ग्रॅमचा शालू धरला तर दहा हजारांच्या पुढे किडे. मुलीचा उत्साह का मावळला ते मला कळतं. माझ्याकडेही काही जण हे ऐकून मंजिष्ठेवर येतात आणि मी त्यांना आनंदाने मंजिष्ठा देतो. पण रेशमाचे कोष उकळत्या पाण्यात सोडताना आत काय असतं, हेही मग सांगतो. आणि परदेशी लिपस्टिकच्या डबीवर कार्माइन किंवा ई १२० लिहिलेलं असेल तर तोही हाच किडा, बहुधा पेरूमधला.

एक आडवळण घेतो, कारण या गोष्टीतला आपल्या अंगणातला तुकडा तिथे आहे. स्पेनने या किड्यांवर मक्तेदारी ठेवली होती. ईस्ट इंडिया कंपनीला ती मोडायची होती. मद्रासचा डॉक्टर जेम्स अँडरसन १७८६ पासून या खटपटीत होता. सैदापेठेत त्याने किड्यांसाठी निवडुंगाची बाग लावली. शेवटी १७९५ मध्ये कंपनीच्या एका कॅप्टनने ब्राझीलहून जिवंत किडे कलकत्त्याला आणले. ते निघाले चुकीच्या जातीचे, रानटी, रंगाला कमी. रंगाचा धंदा काही उभा राहिला नाही, पण किड्यांनी तिथला निवडुंग भराभर खाऊन फस्त केला, आणि नंतर लोकांच्या लक्षात आलं की शेतं गिळणाऱ्या निवडुंगाला आवरायला हे बरं हत्यार आहे. दख्खनच्या माळावर फड्या निवडुंगाच्या पानांवर कापसासारखे पांढरे पुंजके तुम्ही पाहिले असतील. ते याच कुळातले किडे, पुढे मुद्दाम सोडलेल्या दुसऱ्या जातीचे. काटे सांभाळून एक पुंजका बोटावर चिरडून बघा. पांढऱ्यातून जो लाल फुटतो तो पाहिल्यावर 'किरमिजी म्हणजे कोणता' हे कोणाला विचारावं लागत नाही. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच करायला लावतो. हात धुवायला लावत नाही, संध्याकाळपर्यंत राहू दे म्हणतो.

तर मग दुकानातले तिघे चुकले कसे? माझं मत असं. नाव वस्तूवरून पडलं की ती वस्तू डोळ्यांसमोर आहे तोवरच नाव जागेवर राहतं. अबोलीचे गजरे आजही विकतात, म्हणून अबोली रंगाबद्दल भांडण होत नाही. १८५६ मध्ये पर्किन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने डांबरातून पहिला कृत्रिम रंग काढला. तीन वर्षांत मॅजेंटा आला, इटलीतल्या एका लढाईचं नाव घेऊन. १८६९ मध्ये मंजिष्ठेच्या घराण्यातलं अलिझरीन कारखान्यात होऊ लागलं. पुढच्या वीस-तीस वर्षांत किरमिजाचा दाणा पंसाऱ्याच्या दुकानातून गेला. तपकीरही गेली म्हणा, पण तपकिरीला त्या जागी दुसरा शब्दच नव्हता, म्हणून तो टिकला. किरमिजीच्या जागेवर मात्र मरून, मजेंटा, राणी, वाईन असे चार जण येऊन बसले. मग किरमिजी बिचारा अंगणात उभा राहिला आणि ज्याला जो रंग निनावी वाटला त्याला तो चिकटवला गेला. तो तपकिरीकडे का सरकला याचा माझा एक अंदाज आहे: कानाला तो करडा, तपकिरी, किरमिरा यांच्या गोतातला वाटतो. नावाच्या आवाजातच धूळ ऐकू येते. खरा रंग पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही, पण पाहिलेली माणसं उरली किती?

आता तुमच्या पणजीचा शालू. शके १८५०चा वैशाख म्हणजे १९२८. तोवर बनारसच्या रेशमात कारखान्यातले रंग येऊन बरीच वर्षं लोटली होती. तेव्हा तो शालू किड्यांनी रंगवलेला नव्हता असं मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. याद लिहिणाऱ्याने रंगाचं नाव लिहिलं, मालाचं नव्हे. पण त्या पिढीच्या डोळ्यांत छटा अजून पक्की होती. याद लिहिताना त्यांनी लाल, कुसुंबी, डाळिंबी यांतून निवडून किरमिजी लिहिलं, म्हणजे तो निळसर झाक असलेला गडद लालच असणार. त्याच यादीत दुसऱ्या लुगड्यांचे रंग कोणते लिहिलेत तेही एकदा बघा. डाळिंबी किंवा लाल असं वेगळं नाव शेजारी असेल तर माझं म्हणणं आणखी पक्कं होतं.

खरेदीला जाताना दुकानात किरमिजी हा शब्द उच्चारू नका, परत तपकिरी निघेल. मरूनही म्हणू नका. 'गडद लाल, निळ्या झाकेचा, विटकरी अजिबात नको' असं सांगा. सोबत कुंकवाची पुडी आणि राणी रंगाच्या कापडाचा एक तुकडा न्या. साडी दिवसाच्या उजेडात, दुकानाच्या दाराशी आणून दोन्हींच्या मध्ये धरा. कुंकवाशेजारी ती थंड दिसली पाहिजे आणि राणीशेजारी ऊबदार. पिवळ्या दिव्याखाली निवडू नका, त्या दिव्यात प्रत्येक लाल कुंकवाचाच दिसतो. सोनेरी जरीत हा रंग आणखी खुलतो, चंदेरी जरीत तो थोडा उदास होतो.

आणि मुलीला सांगा, कारखान्याच्या रंगात रंगवलेली साडी घेतली तर रंगासाठी एकही किडा लागलेला नसेल. नाव तेवढं त्याचं.